नाण्यांचा लोप आणि शब्दांची शिल्लक : रुपयाच्या भागांचा एक इतिहास

१

नाणे चलनातून जाते तेव्हा त्याची नोंद राजपत्रात होते. त्या नाण्याचे नाव भाषेतून केव्हा आणि कसे गेले, याची नोंद मात्र कोठेही होत नाही. आर्थिक इतिहास व भाषेचा इतिहास यांचा अभ्यास बहुधा स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे या दोन घटना एकमेकींजवळ ठेवून पाहण्याचे प्रसंग थोडेच येतात. वस्तुतः त्या एकमेकींवर पुष्कळ प्रकाश टाकू शकतात.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्यांखालील सर्व नाणी चलनातून रद्द झाली. या दोन तारखांमध्ये ५४ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात मराठीतील नाणेवाचक शब्दांपैकी काही रोजच्या बोलण्यात टिकून राहिले, काही म्हणींत व वाक्प्रचारांत जाऊन बसले, तर काही विस्मरणात गेले. कोणता शब्द कोणत्या गटात गेला हे केवळ योगायोगाने ठरलेले नाही; त्यामागे एक साधे अंकगणित आहे. ज्या जुन्या नाण्याचे नव्या नाण्यांत बाकी न उरता रूपांतर झाले, त्याचे नाव व्यवहारात टिकले. जेथे बाकी उरली, तेथे नाव व्यवहारातून उठले. ही बाकी कोणी तरी भरलेली असते. ती कोणी भरली, हा प्रश्न नाणेशास्त्राचा जितका आहे तितकाच सामाजिक इतिहासाचाही आहे. प्रस्तुत निबंधात शब्दांच्या साहाय्याने या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२

जुन्या रुपयाचे भाग ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन स्पष्ट व्हावयाचे नाही. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. आणि पैशाच्या ३ पई, म्हणजे रुपयाच्या १९२ पई, असे हे कोष्टक होते. यातील सोळाचा व चौसष्टाचा हिशेब ब्रिटिश अमदानीतला नव्हे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील 'लीलावती'त २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क, असे कोष्टक दिलेले आहे. द्रम्माच्या काकिणीही ६४ च होतात. नावे पालटली, धातू पालटले, राज्ये पालटली. पण मोठ्या नाण्याचे पाव आणि पावाचे पुन्हा पाव करीत जाण्याची रीत निदान आठ शतके चालू राहिली.

या रीतीचे कारण उघड आहे. कोणतीही वस्तू अर्धी करणे आणि त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करणे, हे हाताला व डोळ्याला सहज जमते. तराजूही हेच काम करतो. म्हणून वजनांची रचनाही तशीच होती. शेराचे अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक असे निम्मे-निम्मे भाग पडत व शेराचे छटाक १६ होत. रुपयाचे आणे १६ आणि शेराचे छटाक १६ असल्यामुळे शेराचा भाव जितके रुपये, तितकेच आणे छटाकाला, हा हिशेब अक्षरशत्रू माणसालाही करता येत असे. वजन व नाणे यांचे सांधे असे एकमेकांत बसलेले होते.

शाळेतील शिक्षणही याला अनुसरूनच होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांतून तोंडपाठ करून घेतले जात. जमाखर्चाच्या लेखनात पाव, अर्धा व पाऊण यांसाठी उभ्या रेघा आणि आण्यांसाठी तिरप्या रेघा वापरण्याचा प्रघात होता. म्हणजे पाढा, लेखनचिन्ह, वजन आणि नाणे या चारही ठिकाणी एकच चतुर्थांशाचे गणित चालत असे.

पईचे स्थान या रचनेत थोडे वेगळे आहे. 'पै' हा शब्द 'पाद', म्हणजे चौथा भाग, या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. परंतु कोष्टकात ती पैशाचा तिसरा व आण्याचा बारावा भाग झाली. नाव चौथ्या भागाचे आणि किंमत तिसऱ्या भागाची, अशी ही स्थिती असली तरी हा तिसरा भाग निरुपयोगी नव्हता. १६ आण्यांचे तीन समान वाटे करावयाचे झाल्यास प्रत्येकी ५ आणे ४ पई असा वाटा निःशेष येतो. तीन भावांच्या वाटणीत पईमुळे भांडण राहत नसे. शंभराचे तीन वाटे मात्र कोणत्याही युक्तीने निःशेष होत नाहीत.

३

१९५७ पूर्वीही नाणी लोपली होती आणि त्यांचे शब्द उरले होते. 'द्रम्म' हा मुळात ग्रीक 'द्राख्मे' या नाण्याच्या नावावरून आलेला शब्द. त्याचा 'दाम' झाला. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे असून ४० दामांचा रुपया होत असे. पुढे ते नाणे गेले आणि 'दाम' या शब्दाचा अर्थ किंमत किंवा पैसा असा सामान्य झाला. 'दामदुप्पट' या शब्दात तो आजही आहे. दामाचे लघुत्वदर्शक रूप 'दमडी' होय. ती क्षुद्र किमतीची वाचक बनली व चमडी गेली तरी दमडी न सोडणाऱ्या कृपणाच्या म्हणीत स्थिरावली. 'टका' या नाण्याच्या नावाचा 'टक्का' होऊन तो शेकड्याच्या प्रमाणाचा वाचक झाला. कवडीने तर दोन टोके गाठली. 'कवडीमोल' म्हणजे जवळजवळ फुकट, आणि 'फुटकी कवडी' म्हणजे तेवढेही नाही.

या शब्दांची वाटचाल पाहिली असता तिच्यात एक क्रम आढळतो. चलनात असताना सर्वांत लहान नाण्याचा शब्द 'लहान परंतु निश्चित किंमत' दाखवितो. नाणे चलनातून गेले म्हणजे निश्चितता जाते आणि लहानपणा उरतो. दमडीला काही मिळत होते तोवर ती किंमत होती; मिळेनासे झाल्यावर ती उपमा झाली. आज 'दमडीही देणार नाही' असे म्हणणाऱ्या माणसाला दमडी म्हणजे पैशाचा कितवा भाग, हे ठाऊक असण्याची काहीच गरज पडत नाही.

याच काळातील दुसरा शब्द अधिक बोलका आहे. तो म्हणजे 'बट्टा'. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच कंपनी-रुपया सर्व ब्रिटिश मुलुखात लागू होण्यापूर्वी महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी अशा अनेक टांकसाळींचे रुपये चालत. एका प्रकारचा रुपया देऊन दुसऱ्या प्रकारचा घ्यावयाचा झाल्यास सराफ मधला फरक कापून घेई, हाच बट्टा. नाणे बदलून घेणे ज्याला भाग असे, त्याच्यावर तो पडे. सराफीचा हा व्यवहार आता उरलेला नाही, पण 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. नाणेपद्धती बदलताना काही तरी कापले जाते आणि ते दुर्बळ बाजूकडून कापले जाते, ही समजूत भाषेने या एका शब्दात जपून ठेवली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुट्या नाण्यांची मोठी टंचाई पडली. धातू वाचविण्यासाठी १९४३ पासून मध्यभागी भोक असलेला पैसा काढण्यात आला. पईचे व अर्ध्या पैशाचे नाणे १९४२ नंतर पाडले गेले नाही. तरीही पई हिशेबात राहिली. १९५७ पर्यंत पोस्टकार्डाची किंमत ९ पई अशीच सांगितली जाई; ती भागविली जाई तीन पैशांनी. म्हणजे नाणे गेल्यानंतरही पई हे हिशेबाचे एकक म्हणून जिवंत होते. नाण्याचा मृत्यू आणि एककाचा मृत्यू या दोन भिन्न घटना आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

४

१९५५ साली भारतीय नाणे अधिनियमात दुरुस्ती होऊन रुपयाचे १०० भाग करण्याचे ठरले आणि १ एप्रिल १९५७ पासून ती दुरुस्ती अमलात आली. रुपयाचे मूल्य व नाव कायम राहिले. बदलले ते त्याचे भाग. नव्या शंभराव्या भागाला 'पैसा' हेच नाव द्यावयाचे ठरल्यामुळे एक भाषिक अडचण उत्पन्न झाली. एकाच वेळी चौसष्टावा भागही पैसा आणि शंभरावा भागही पैसा. ती दूर करण्यासाठी 'नया' हे विशेषण जोडण्यात आले. मराठीत 'नवा पैसा, नवे पैसे' अशी रूपे रूढ झाली. नव्या नाण्यांवर 'रुपये का सौवां भाग', 'रुपये का दसवां भाग' असा खुलासाही कोरलेला होता. नाण्याने स्वतःचा अर्थ स्वतःच्या अंगावर लिहून दाखवावा, असा प्रसंग नाण्यांच्या इतिहासात क्वचितच येतो.

जुनी व नवी नाणी सुमारे तीन वर्षे बरोबरीने चालावीत अशी योजना होती. त्यासाठी रूपांतराचे कोष्टक ठरविण्यात आले. आण्याचे मूल्य नेमके ६·२५ नवे पैसे आणि जुन्या पैशाचे १·५६२५ नवे पैसे येते. अर्ध्याहून अधिक अपूर्णांक असल्यास तो पूर्ण नवा पैसा धरावा, अर्धा किंवा त्याहून कमी असल्यास सोडून द्यावा, असा नियम होता. त्यानुसार एका जुन्या पैशाचे २, दोन पैशांचे ३, तीन पैशांचे ५, एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे झाले.

नियम निःपक्षपाती आहे. वर जाणारे व खाली येणारे अपूर्णांक एकमेकांना छेदतील, अशी त्यामागील कल्पना. परंतु ही कल्पना खरी ठरण्यासाठी एक अट आहे. तीच व्यक्ती निरनिराळ्या रकमांची खरेदी करीत असली पाहिजे. जी व्यक्ती रोज एकाच लहान रकमेची खरेदी करते तिच्या बाबतीत अपूर्णांक कधीच छेदला जात नाही. तो रोज एकाच दिशेला जातो.

हे आकड्यांनी पाहता येईल. एक पैशाची जिन्नस ६४ वेळा घेतली तर जुन्या हिशेबाने नेमका एक रुपया होई. कोष्टकाप्रमाणे दर वेळी २ नवे पैसे दिल्यास तीच खरेदी १ रुपया २८ नव्या पैशांना पडते. तीन पैशांची जिन्नस ६४ वेळा घेतल्यास ३ रुपयांऐवजी ३ रुपये २० नवे पैसे पडतात. याउलट एक आण्याची जिन्नस १६ वेळा घेणाऱ्याला रुपयाऐवजी ९६ नवे पैसेच द्यावे लागतात. दोन पैशांच्या व दोन आण्यांच्या खरेदीचीही हीच गोष्ट आहे. तेथेही रुपयामागे ४ नवे पैसे वाचतात. तीन आण्यांच्या खरेदीत रुपयामागे सव्वा-दीड नव्या पैशाचा तोटा, आणि चार आण्यांवर फायदाही नाही व तोटाही नाही. एकंदरीत कोष्टकातील सर्वांत मोठी वाढ, शेकडा २८, ही सर्वांत लहान खरेदीवर पडते.

याविरुद्ध काही गोष्टी सांगता येतात आणि त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिली अशी की कोष्टक एका देण्याच्या एकूण रकमेला लावावयाचे होते, प्रत्येक जिनसेला नव्हे. एक पैशाच्या चार जिनसा एकदम घेतल्यास चार वेळा २, म्हणजे ८, न होता एका आण्याचे ६ च व्हावयाचे. दुसरी अशी की जुना पैसा चालत होता तोवर जुन्या पैशाने किंमत देण्याची मोकळीक होती. तिसरी अशी की किरकोळ विक्रेता किंमत न बदलता माप बदलू शकतो. कोथिंबिरीची जुडी किंवा मिरच्यांचा वाटा लहान-मोठा करणे त्याच्या हाती असते. तेव्हा शेकडा २८ हा आकडा प्रत्यक्ष नुकसानीचा नव्हे, नुकसानीच्या कमाल मर्यादेचा समजावयास हवा.

तथापि या तिन्ही मुद्द्यांतून एकच निष्कर्ष निघतो. एकूण रकमेचा लाभ ज्याची एकूण रक्कम मोठी असते त्यालाच मिळतो. ज्याचे वाण्याकडे खाते आहे व महिनाअखेर जो बेरीज चुकती करतो, त्याच्या वाट्याला महिन्यातून एकदा फार तर अर्ध्या नव्या पैशाचा फरक येणार. ज्याला संध्याकाळी मजुरी हाती आल्यावर त्या रात्रीपुरते तेल, मीठ व मिरची रोखीने घ्यावी लागते, त्याची प्रत्येक खरेदी हीच त्याची एकूण रक्कम असते. कायद्याचा नियम दोघांना एकच होता. त्या नियमाला सामोरे जाण्याचे प्रसंग मात्र एकाला महिन्यातून एकदा आणि दुसऱ्याला दिवसातून तीनदा येत.

यात वजनांची भर पडली. मेट्रिक वजने १९५६ च्या अधिनियमाखाली ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. मधल्या काळात नाणे शंभराच्या हिशेबाचे आणि वजन सोळाच्या हिशेबाचे, अशी स्थिती होती. रुपया शेर भावाच्या जिनसेचा एक छटाक पूर्वी नेमका एक आण्याला मिळे. आता त्याची किंमत सव्वासहा नवे पैसे झाली, आणि सव्वासहा नव्या पैशांचे नाणे अस्तित्वातच नव्हते. नाणे व वजन यांचे जे सांधे पूर्वी आपोआप जुळत, ते निखळले. पावकी-निमकीचे पाढे येत असलेल्या माणसाचे ज्ञान चुकीचे ठरले नाही. पण त्याला विचारला जाणारा प्रश्नच बदलला.

५

आता शब्दांकडे वळता येईल. दशमान पद्धतीत आणा हे एकक उरले नाही. असे असूनही 'चार आणे', 'आठ आणे' आणि 'बारा आणे' हे शब्दप्रयोग १९५७ नंतर कित्येक दशके मराठी माणसाच्या तोंडी राहिले. २५ पैशांच्या नाण्याला 'चार आणे' व ५० पैशांच्या नाण्याला 'आठ आणे' म्हणणाऱ्या पुष्कळांनी आण्याचे नाणे कधी पाहिलेलेही नव्हते. याउलट 'एक आणा', 'दोन आणे', 'तीन आणे', 'सहा आणे' हे किमती सांगण्याचे शब्द नव्या नाण्यांबरोबर मागे पडले.

याचे कारण कोष्टकात दिसते. चार आणे म्हणजे नेमके २५, आठ आणे म्हणजे नेमके ५० आणि बारा आणे म्हणजे नेमके ७५ नवे पैसे. या तीन ठिकाणी बाकी शून्य आहे. इतर सर्व ठिकाणी काही तरी बाकी उरते. बोलीने व्याकरणाचा किंवा कायद्याचा सल्ला घेतला नाही. जेथे जुन्या नावाने नवे नाणे न भांडता घेता-देता येत होते तेथे तिने जुने नाव ठेवले आणि जेथे अर्ध्या-पाव पैशाचा वाद उत्पन्न होण्याचा संभव होता तेथे ते टाकून दिले.

नाण्यांच्या खास नावांवरूनही हेच सिद्ध होते. मराठीत दोन आण्यांच्या नाण्याला 'चवली', चार आण्यांच्या नाण्याला 'पावली' आणि आठ आण्यांच्या नाण्याला 'अधेली' म्हणत. चवलीचे रूपांतर साडेबारा नव्या पैशांत व्हावयाचे. ते नाणे नव्या पद्धतीत बसण्यासारखे नव्हते. 'चवली' हा शब्द किंमत म्हणून उठला व 'चवली-पावली' या जोडशब्दात, क्षुद्र रकमेचा वाचक म्हणून, शिल्लक राहिला. 'पावली' मात्र २५ पैशांच्या नाण्याला लागू पडत राहिली. 'अधेली' मागे पडली, पण तिच्या जागी आले ते 'आठ आणे' हेच. 'पन्नास पैसे' हा शब्दप्रयोग तिला सहजासहजी हटवू शकला नाही.

वाक्प्रचारांत व म्हणींत मात्र बाकीचा प्रश्न येत नाही, कारण तेथे कोणी काही देत-घेत नाही. म्हणून 'सोळा आणे खरे' हा प्रयोग अबाधित राहिला. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतच राहिला. पैपैशाचा हिशेब ठेवणारा माणूस पई गेल्यानंतरही पैपैशाचाच हिशेब ठेवतो. शब्दांचे हे दोन गट वेगळे ठेवल्याशिवाय त्यांचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करता येणार नाही. म्हणीतील आणा फक्त एवढेच सांगतो की आणा एके काळी होता. बाजारातील बोलीत टिकलेला आणा याहून अधिक सांगतो. नवी व जुनी पद्धती कोणत्या बिंदूंवर एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या, हे तो दाखवितो.

६

१ जून १९६४ पासून 'नया' हे विशेषण गळाले व नवा पैसा नुसता पैसा झाला. त्याच सुमारास हलक्या अॅल्युमिनियमची लहान नाणी येऊ लागली. नाण्यातील धातूची किंमत नाण्याच्या दर्शनी किमतीहून वाढू लागली की नाणी वितळविण्याचा व साठविण्याचा मोह होतो. त्याला आळा घालण्यासाठी १९७१ साली लहान नाण्यांसंबंधीच्या गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदाच करावा लागला. पुढे भाववाढीने उरलेले काम केले. एका पैशाला, मग पाच पैशांना, मग दहा पैशांना काही मिळेनासे झाले. डिसेंबर २०१० मधील अधिसूचनेने २५ पैसे व त्यांखालील नाणी ३० जून २०११ पासून रद्द ठरविली, तेव्हा कायद्याने बाजारात आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर शिक्का मारला, असे म्हणावयास हरकत नाही. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार अर्ध्या रुपयाचे नाणे दहा रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध आहे. व्यवहारात मात्र दुकानदार ते घेण्यास नाखूश असतो आणि सुट्याऐवजी गोळी किंवा चॉकलेट हातावर ठेवतो.

१९५७ चा लोप आणि २०११ चा लोप यांत महत्त्वाचा भेद आहे. १९५७ मध्ये नाणे गेले ते एकक बदलल्यामुळे. त्या वेळी त्या नाण्याला बाजारात काही तरी मिळत होते. २०११ मध्ये नाणे गेले ते निरुपयोगी झाल्यामुळे. म्हणून पहिल्या वेळी पूर्णांक करण्याचा भार सर्वांत लहान ग्राहकावर पडण्याचा धोका खरा होता; दुसऱ्या वेळी तो भार भाववाढीच्या रूपाने आधीच सर्वांवर पडून गेलेला होता.

इतर देशांचा अनुभव या भेदाला पुष्टी देतो. ऑस्ट्रेलियाने १९९२ पासून एक व दोन सेंटची नाणी काढून घेण्यास प्रारंभ केला; कॅनडाने फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटच्या नाण्याचे वितरण थांबविले; अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी एक सेंटचे नाणे पाडणे बंद केले. कॅनडात रोखीने पैसे देताना करासह झालेली एकूण बेरीज जवळच्या पाच सेंटांवर आणली जाते. जिनसांच्या किमती तशाच राहतात आणि कार्डाने दिल्यास शेवटचा सेंटही मोजला जातो. तेथे एका सेंटला स्वतंत्रपणे काही विकत मिळत नव्हते. म्हणून त्याच्या लोपाने कोणाची नित्याची खरेदी मोडली नाही.

भारतातही पूर्णांकाचे नियम आता बेरजेवर आलेले आहेत. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या अधिनियमातील कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणली जाते. ५० पैसे किंवा अधिक असल्यास रुपया धरावयाचा, कमी असल्यास सोडून द्यावयाचे. पेट्रोलचा दर मात्र पैशांपर्यंत सांगितला जातो आणि मोबाइलवरून पैसे देणाऱ्याला पैशांसह रक्कम चुकती करता येते. यावरून असे दिसते की पूर्णांक करण्याची गरज पैसा या एककातून उद्भवत नाही, धातूच्या नाण्यातून उद्भवते. ज्याचा व्यवहार खात्यावर चालतो त्याला शंभरावा भाग अद्याप उपलब्ध आहे. ज्याचा रोखीवर चालतो त्याला तो नाही. १९५७ च्या कोष्टकात खातेदार व रोखीचा ग्राहक यांच्यात जे अंतर होते ते रकमेने अगदी क्षुल्लक झाले आहे, परंतु त्याची दिशा बदललेली नाही.

७

नाणे नसतानाही शंभरावा भाग ज्या ठिकाणी पूर्ण ताकदीने जिवंत आहे असे एक स्थान महाराष्ट्रात आहे. ते बाजारात नसून महसूल खात्यात आहे. पूर्ण पिकाला सोळा आणे धरून गावाच्या पिकाचा अंदाज आण्यांत सांगण्याची जुनी पद्धत होती. तिला 'आणेवारी' म्हणत. दशमान पद्धतीनंतर तिचे अधिकृत नाव 'पैसेवारी' झाले, जरी गावात व वृत्तपत्रांत आणेवारी हा शब्द आजही ऐकू येतो. नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते. ५० पैसे, म्हणजे जुने आठ आणे, ही तिची निर्णायक रेषा होय. त्याखाली पैसेवारी गेलेल्या गावाला जमीन महसूल, वीजबिल, विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क इत्यादींतील सवलतींचा आधार मिळत आला आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळविषयक नियमपुस्तिकेने पाऊस, जमिनीतील ओलावा यांसारखे निकष पुढे आणल्यानंतरही पैसेवारी जाहीर होत राहिली.

येथे भाषेच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की ही रेषा ज्या बिंदूवर आहे तो आठ आणे व ५० पैसे यांच्या बिनबाकी जुळणीचा बिंदू आहे. म्हणून जुने व नवे ही दोन्ही नावे येथे सुखाने नांदतात. दुसरी अशी की बाजारात ज्या पैशाला आज कोणी वाकून उचलणार नाही, त्या एका पैशाला येथे पूर्ण किंमत आहे. गावाची पैसेवारी ४९ की ५१, या दोन पैशांच्या फरकावर शेकडो कुटुंबांची सवलत अवलंबून असते. ४९ पैसे 'जवळजवळ ५०' म्हणून सोडून दिले तर ते शेतकऱ्याला कदापि मान्य होणार नाही, आणि होऊही नये.

दुकानातील पूर्णांक आणि पैसेवारीतील पूर्णांक यांची अशी तुलना केली असता निबंधाच्या प्रारंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर काहीसे स्पष्ट होते. लहान नाणे रद्द करावे की नाही, हा प्रश्न त्या नाण्याच्या धातूवरून किंवा टांकसाळीच्या खर्चावरून पूर्णपणे सुटत नाही. त्या नाण्याएवढ्या रकमेवर ज्याचा एखादा व्यवहार पूर्ण होतो असा माणूस समाजात उरला आहे काय, हे पाहावे लागते. १९५७ मध्ये असा माणूस होता व रूपांतराच्या कोष्टकातील पहिली ओळ त्याच्याविषयी होती. २०११ मध्ये बाजारात तो उरला नव्हता.

दमडी, चवली, पई हे शब्द त्या माणसाच्या हिशेबातले होते. त्यांचा अर्थ 'कस्पटासमान' असा झाला तो पुढे, ती नाणी त्याच्या हातून गेल्यानंतर. जुने दप्तर किंवा जुना पत्रव्यवहार वाचताना हे शब्द आढळल्यास त्यांचा आजचा म्हणीतला अर्थ घेऊन चालणार नाही. त्या काळी त्या नाण्याला काय मिळत होते, हे शोधूनच त्यांचा अर्थ लावावयास हवा. एरवी ज्या रकमेवर एका घराची चूल पेटत होती, ती रक्कम वाचकाच्या दृष्टीने शून्य ठरण्याचा संभव आहे.